मुंबई बेटांतील एकशिडी नावा

मुंबई बेटाच्या इतिहासावर जें लिखाण आजवर झालें, त्यांत दोन प्रकारच्या जहाजांना मानाचें पान मिळालें आहे. एक, मराठ्यांच्या आरमारांतील गुराबा व गलबतें. आणि दुसरीं, वाडिया घराण्यानें मुंबईच्या गोदींत बांधलेलीं सागवानी जहाजें. लवजी नसरवानजी १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आला. तेव्हांपासून शंभर-सव्वाशें वर्षें त्यानें व त्याच्या वंशजांनीं जीं जहाजें बांधलीं, त्यांचीं नांवें, त्यांची लांबीरुंदी, तोफांची संख्या, पाण्यांत सोडल्याचें साल, सर्व कांहीं लिहून ठेवलेलें आहे. त्यांपैकीं 'ट्रिंकोमाली' हें १८१७ सालीं मुंबईंत बांधलेलें जहाज तर आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे, आणि लोक तें तिकीट काढून पाहतात. त्याच सालीं माझगांवच्या आणि वरळीच्या किनाऱ्यावर ज्या होड्या ओढून ठेवलेल्या असतील, त्यांपैकीं एकीचीहि फळी जपलेली माझ्या पाहण्यांत नाहीं.

नांव कोणी लिहून ठेवलें नाहीं अशा ह्या नावांविषयीं प्रस्तुत लेख आहे. एक डोलकाठी, तिच्यावर एकच शीड, सुकाणूवर एक तांडेल आणि हाताशीं दोन-चार खलाशी, एवढ्यावर चालणारी होडी अथवा लहान मचवा हा आमचा विषय. मोठ्या मचव्यास दुसरी डोलकाठी आणि नाळेकडे आणखी एक लहानसें शीड असे. तो येथें ओघानें आला तरच येईल. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मुंबईचीं सात बेटें बांधांनीं जोडलीं जाण्यापूर्वीं त्यांना एकत्र धरून ठेवणारी वस्तु ही एकशिडी नाव होती. आणि तिचा इतिहास दप्तरांत नसला तरी दोऱ्यांच्या आणि जागांच्या नांवांत बराचसा शाबूत आहे. शत्रूनें लिहिलेल्या पत्रांतहि तो सांपडतो, पण तिकडे मागाहून वळूं.

ह्या विषयाकडे मी समुद्रावरून आलों नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. मी गिरगांवांत वाढलों. चौपाटी घरापासून हांकेच्या अंतरावर. तथापि वल्हें कधीं हातीं धरलें नाहीं. तीसहून अधिक वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें आणि निवृत्त झालों. विषय हातीं आला तो एका शब्दामुळें. धारच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत नौकांचें प्रकरण आहे. राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ सालच्या आपल्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासांत त्याचा विस्तारानें उपयोग केला, आणि तेव्हांपासून तें प्रकरण प्रसिद्धीस आलें. त्यांत नौकांचे 'सामान्य' व 'विशेष' असे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गांत क्षुद्रा, मध्यमा, भीमा, चपला इत्यादि दहा जाती सांगितल्या आहेत. पुढें रंगाविषयीं असें आहे कीं, चार शृंगांची नौका पांढरी, तिहींची तांबडी, दोहोंची पिवळी आणि एकशृंगिणी निळी रंगवावी. मुकर्जींनीं शृंग म्हणजे डोलकाठी असा अर्थ घेतला. मीहि वर्गांत मुलांना तसेंच सांगत आलों.

निवृत्तीनंतर वरळीच्या कोळीवाड्यांत एका वृद्ध तांडेलाशीं परिचय झाला. वय ऐंशीच्या पुढें; शिडावर चालणारी होडी त्यांनीं स्वतः तरुणपणीं हांकलेली. त्यांना मीं मोठ्या उत्साहानें ही निळ्या नौकेची हकीकत सांगितली. ते हंसले आणि म्हणाले, गुरुजी, शिंग जनावराच्या डोक्यावर असतें कीं पाठीवर? डोलकाठी तर होडीच्या पाठीवर उभी असते. शिंग म्हणायचें तर नाळेला म्हणावें. ह्या आक्षेपाला माझ्यापाशीं तत्काळ उत्तर नव्हतें. घरीं येऊन पुन्हां विचार केला. 'एकशृंगिणी' हा शब्द एकटा असता तर तांडेलांचा अर्थ मीं निमूटपणें स्वीकारला असता. कारण समुद्रांत शिरणाऱ्या नावेची वर उचललेली नाळ खरोखरच शिंगासारखी दिसते. परंतु चार शृंगांच्या नौकेला चार नाळी कोठून आणाव्या? तेव्हां मुकर्जींचाच अर्थ ग्राह्य धरावा लागतो. एवढें मात्र खरें कीं, ग्रंथकार पंडित असला तरी त्यानें डोलकाठी बंदरावर उभें राहून दुरून पाहिली असावी. होडींत बसणारा माणूस तिला शिंग म्हणणार नाहीं.

असाच दुसरा विचार अमरकोश पुन्हां चाळतांना सुचला. वारिवर्गांत अमरसिंहानें नौकेच्या अंगोपांगांना शब्द दिले आहेत. डोलकाठीस कूपक व गुणवृक्षक, वल्ह्यास क्षेपणी, सुकाणूस अरित्र, फार काय, तळाचें पाणी उपसण्याच्या भांड्यासहि सेकपात्र असा शब्द आहे. पण त्या ओळींत शिडाला शब्द नाहीं! गुणवृक्ष म्हणजे ज्याला दोर बांधतात तें झाड. दोर आहे, झाड आहे, आणि ज्याच्यासाठीं हीं दोन्ही आहेत तें कापड नाहीं. जैन प्राकृत कथांतील समुद्रप्रवासांत मात्र शिडाला 'सियवड' म्हणजे श्वेतपट असा शब्द येतो. आपल्या 'शीड' शब्दाचा उगम ह्या सियवडांत असावा असें मला वाटतें. गुजराथींतील 'सढ' त्याचाच भाऊ दिसतो. (त्याच वर्गांत तराफ्याला उडुप, प्लव आणि कोल असे तीन शब्द आहेत. 'कोल' वरून 'कोळी' काढण्याचा मोह मला अनेक वर्षें होता. तो आवरला आहे. उच्चारसाम्याखेरीज त्याला आधार नाहीं.)

आतां प्रत्यक्ष शिडाकडे येऊं. मुंबईच्या होडीचें शीड युरोपांतील जुन्या मोठ्या जहाजांप्रमाणें आडव्या काठीवर चौकोनी ताणलेलें नसतें. डोलकाठी किंचित् पुढें झुकलेली. तिच्या शेंड्यापासून 'परबान' नांवाचा लांब वासा तिरपा टांगलेला. त्याचें पुढचें टोंक नाळेकडे खालीं ओढून बांधलेलें, आणि मागचें टोंक आकाशांत उंच. ह्या वाशाला लगटून शीड असतें. तें दुरून त्रिकोणी दिसतें. पण पुढचा कोपरा छाटलेला असल्यामुळें मोजूं गेल्यास चार बाजू भरतात. मागचा खालचा कोपरा ज्या दोरीनें ताणतात किंवा सैल सोडतात ती 'दामण'. तांडेलाचा एक हात सुकाणूवर आणि दुसरा दामणीवर. हीच काय ती सारी यंत्रणा. वारा एका बाजूचा दुसऱ्या बाजूस घ्यावयाचा झाल्यास नाव वाऱ्याकडे पाठ करून फिरवितात. त्या वेळीं परबान उभा धरून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावा लागतो. शीड फडफडत असतें, नाव डोलत असते, आणि हें काम दोन माणसांनीं चार श्वासांत उरकावयाचें असतें. तांडेल म्हणाले कीं, पोरगा खलाशी झाला कीं नाहीं हें ह्या एका कामावरून ओळखतात.

एकाच शिडावर भागतें कसें, हा प्रश्न माझ्याप्रमाणें वाचकांसहि पडेल. त्याचें उत्तर मुंबईच्या हवेंत आहे. पावसाळा सोडून बाकीच्या दिवसांत येथें वारा दिवसाकांठीं दोनदां पालटतो. रात्रीं व पहांटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. दुपार कलली म्हणजे समुद्रावरून खारा वारा सुटतो. वरळी-माहीमचा कोळी पहांटे मतलईवर बाहेर पडे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरीं येई. माझगांव-शिवडीची बाजू पूर्वेची, म्हणून तेथें सर्व उलट: दुपारच्या वाऱ्यावर उरण-पनवेलीकडे जावें आणि पहांटेच्या वाऱ्यावर परत यावें. जोडीला भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवशीं मुंबईच्या किनाऱ्यास पाणी चौदा-पंधरा फूट चढतें व उतरतें. खाडींतून तें ओढ्यासारखें धांवतें. वारा आणि पाणी यांचें असें वेळापत्रक ज्याला पाठ आहे, त्याला दुसरी डोलकाठी हवी कशाला? ज्येष्ठांत होड्या वर ओढीत, झांपांनीं शाकारीत, आणि नारळी पौर्णिमेस पुन्हां पाण्यांत लोटीत.

ह्या दोऱ्या-काठ्यांचीं नांवें मीं तांडेलांकडून उतरून घेतलीं आणि फारसी जाणणाऱ्या एका मित्रास दाखविलीं, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. दामण म्हणजे फारसी दामन, वस्त्राचा पदर. परबान हा इराणी आखातांतील खलाशांचा 'फरमन'. तेहि त्या वाशाला तेंच म्हणतात. मोठ्या तारवाच्या मागच्या डोलकाठीला आपल्याकडे कलमी म्हणतात. आखातांतहि तोच शब्द. सुकाणू हें अरबी 'सुक्कान'. नाखवा म्हणजे नाखुदा, नावेचा धनी. 'डोल' शब्द आपण सहज 'डोलणें' ह्या क्रियापदापासून काढतों. पण फारसींत डोलकाठीला 'दकल' म्हणतात, तेव्हां तेथेंहि जपून बोललें पाहिजे. उलट नावेच्या सांगाड्याकडे पाहिलें तर तळाचें लांकूड पठाण, फासळ्या वांक, पुढचें टोंक नाळ. तेथें ही आखाती छाया मला दिसली नाहीं. सांगाडा घरचा आणि शिडाचा साज पश्चिम समुद्राच्या साऱ्या किनाऱ्यांचा समाईक, असें ह्या शब्दांवरून दिसतें. फक्त त्या समाईक साजावर चढणारें कापड, शीड, तें पुन्हां घरचें.

येथें एक सावधगिरी. असें तिरपें शीड अरबांनीं शोधून काढलें व सर्व जगास दिलें, असें जुन्या पुस्तकांत असे. मीहि तें तसें वाचलें होतें. अलीकडील संशोधकांनीं तें मत सोडलें आहे. भूमध्य समुद्राच्या कांठीं असें शीड इस्लामपूर्व काळींच होतें, हें तेथील शिल्पांवरून व भिंतींवरील चित्रांवरून दिसून आलें आहे. आपल्या बाजूस सातवाहन यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यावर जहाज आहे, पण तें दोन डोलकाठ्यांचें. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर शिलाहारकालीन आरमारी लढाई कोरलेली आहे. तेथें डोळ्यांत भरतात त्या वल्ह्यांच्या रांगा. ह्यावरून मला एवढेंच काढावयाचें आहे कीं, शब्द आखातचे आहेत म्हणून वस्तूहि आखाताची, असें अनुमान घाईचें होईल. शब्द व्यापाऱ्याबरोबर येतो. नाव सुतार बांधतो.

जातां जातां 'डोलकर' शब्दाविषयीं. एका लोकप्रिय गीतामुळें हा शब्द सर्वांच्या ओठीं आहे, आणि डोलकर म्हणजे डोलकाठी सांभाळणारा अशी पुष्कळांची समजूत आहे. तसें नव्हे. डोल हें बोंबील धरण्याचें पिशवीसारखें मोठें जाळें. तें पाण्यांत खुंटांना बांधून ओढीच्या तोंडाशीं लावतात. तें लावणारा तो डोलकर. सतराव्या शतकांत डॉक्टर फ्रायर मुंबईस आला तेव्हां माझगांव ही मासळीची मोठी वसाहत म्हणून त्याच्या डोळ्यांत भरली, आणि बोंबलाची त्यानें मुद्दाम नोंद केली. तो बोंबील किनाऱ्यास आणणाऱ्या होडीला मात्र त्याच्या पानांत जागा मिळाली नाहीं.

आतां जागांकडे. १७८४ च्या सुमारास गव्हर्नर हॉर्नबी याचा बांध पुरा होईपर्यंत महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधल्या खिंडारांतून भरतीचें पाणी आंत शिरे, आणि भायखळ्याच्या सखल भागावर पसरून पार पायधुणीपर्यंत पोंचे. पायधुणी म्हणजे जेथें ओलांडून आल्यावर पाय धुवावयाचे ती जागा, हें सर्वश्रुत आहे. उमरखाडीच्या नांवांत खाडी अजून उघड आहे. आमच्या गिरगांवची चौपाटी चार पाटांची, म्हणजे पाण्याचे चार प्रवाह जेथून जात ती, असें मुंबईच्या जुन्या वर्णनकारांचें मत आहे. पालवा बंदराचें नांव कोणी 'पाला' माशावरून काढतात, कोणी 'पाल' नांवाच्या जहाजावरून. साहेबांनीं त्याचें अपोलो केलें, हें मात्र निर्विवाद. आज जेथें ट्राम जाऊन बस आली आणि बसच्या डोक्यावर पूल आला, तेथें उधाणाच्या दिवशीं कमरेइतक्या पाण्यांतून जाणारी नाव ही चैन नव्हती, ती वाट होती. परळ, माझगांव, वरळी, माहीम हीं बेटें. त्यांच्यांत शेतें होतीं, देवळें होतीं, लग्नसंबंध होते. भारी तळाचें जहाज ह्या पाण्यांत शिरूं शकत नव्हतें. एकशिडी होडीचा तळ उथळ. वारा पडला तर वल्हें, पाणी सरलें तर चिखलांतून ढकलावयाची.

हाच उथळ तळ लढाईंत कसा उपयोगीं पडतो, तें खांदेरीच्या प्रकरणांत दिसतें. मराठी साधनांपेक्षां इंग्रजांचा मुंबई-सुरतेचा पत्रव्यवहार ह्या बाबतींत अधिक बोलका आहे, कारण ज्याला त्रास होतो तोच तपशील लिहितो. १६७९ च्या ऑगस्टअखेर शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी शेंदीडशें माणसें व कांहीं लहान नावा घेऊन खांदेरी बेटावर उतरला आणि तटाचें काम सुरू झालें. बेट मुंबईच्या दक्षिणेस सुमारें सहा कोसांवर. थळच्या किनाऱ्यापासून कोस-दीड कोस. मुंबईकर इंग्रजांनीं सप्टेंबरांत शिबाडें पाठवून बेटाची नाकेबंदी आरंभिली. १९ सप्टेंबरास लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटाला भिडण्यास गेला आणि मारला गेला. मग 'रिव्हेंज' ही फ्रिगेट घेऊन कॅप्टन रिचर्ड केजविन आला. १८ ऑक्टोबरास दौलतखानाचें आरमार किनाऱ्यावरून चालून आलें. इंग्रजांची 'डव्ह' नांवाची गुराब शरण गेली. परंतु एकट्या 'रिव्हेंज'नें तोफांच्या जोरावर बाकीच्यांना मागें हटविलें. मराठी नावा नागोठण्याच्या खाडीकडे वळल्या, आणि उथळ पाण्यांत फ्रिगेट त्यांच्या मागें जाऊं शकली नाहीं.

त्या दिवशीं जय कोणाचा, यावर आपल्याकडे व तिकडे पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. माझ्या मतें तो प्रश्नच गौण. महत्त्वाची गोष्ट त्या दिवसाच्या मागेंपुढें, रात्रीच्या अंधारांत घडत होती. इंग्रजांचीं जहाजें बेटाभोंवतीं उभीं असतांना थळ-नागांवकडून लहान नावा धान्य, दगड, चुना आणि माणसें घेऊन रात्रीं सुटत आणि पहांटेपूर्वीं परत येत. इंग्रज पत्रांत ह्या नावांच्या चपळाईबद्दल जी चिडचिड आहे, तिच्यापुढें डव्हचें दुःखहि फिकें वाटतें. कल्पना करावी: मोठ्या जहाजाला रात्रीं नांगर उचलून, शिडें उभारून वळण्यास घटकाभर लागते. इकडे एकच परबान खालीं घेतला कीं क्षितिजावर दिसण्यासारखें कांहीं उरत नाहीं. मग दोन-चार वल्हीं, आणि ओहोटीचें पाणी. तट उभा राहिला. पुढें सिद्दी इंग्रजांस मिळाला तरी बेट सुटलें नाहीं, आणि १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं तडजोड करून जहाजें परत नेलीं. २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें, त्यांत खांदेरी आहे. त्या तटाचा दगड ज्या नावांतून गेला, त्यांचें चित्र सुद्धां आपल्यापाशीं नाहीं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील आरमाराचें प्रकरण ह्या अनुभवाच्या प्रकाशांत वाचावें, अशी माझी विनंति आहे. गुराबा फार थोर बांधूं नयेत, वारा नसला तर त्या निरुपयोगी, तेव्हां मध्यम प्रतीच्या असाव्या, असा तेथें अभिप्राय आहे. हें पुष्कळांनीं दारिद्र्याचें लक्षण मानलें आहे. मोठीं जहाजें बांधतां येत नव्हतीं म्हणून लहानांची थोरवी गायिली, असें. मला तें मान्य नाहीं. पाण्याची खोली आणि वाऱ्याचा स्वभाव पाहून काढलेला तो निष्कर्ष आहे.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. ही उथळ वाट सर्वांस मोकळी होती. १६८९ सालीं जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानें मध्यरात्रीं शिवडीस माणसें उतरविलीं, माझगांव व माहीम घेतलें, आणि इंग्रजांस किल्ल्यांत कोंडलें. शिवडीचा किनारा चिखलाचा. तेथें जी फौज उतरते ती लहान नावांतूनच. पुढें त्याच काळांत रुस्तुम दोराब ह्या पारशी गृहस्थानें कोळ्यांना जमवून सिद्दीशीं सामना दिला, अशी पारशी समाजाची परंपरा आहे.

बांधांचा इतिहास आपण उपकारांचा इतिहास म्हणून शिकतों, आणि तो तसा आहेहि. हॉर्नबीच्या बांधाशीं निगडित झालेली कथा, रामजी शिवजी प्रभूंना समुद्रांत महालक्ष्मीच्या मूर्ति सांपडल्याची, मीं लहानपणीं आजीकडून ऐकली. पुढें शीवचा बांध १८०३, कुलाब्याचा १८३८, माहीम-वांद्र्याचा १८४५; शेवटच्यासाठीं लेडी आवाबाई जमशेटजी यांनीं सुमारें दीड लाख रुपये दिले, कारण पावसाळ्यांत तरीनें खाडी ओलांडतांना माणसें बुडत. उपकार खराच. पण ह्यांतील प्रत्येक बांधाबरोबर एकेका घाटावरचें नावेचें काम संपलें, आणि तरीवर पोट असलेला माणूस बांधावर टोपली घेऊन बसला किंवा परळ-लालबागच्या गिरणींत शिरला. ही बाजू गोविंद नारायण माडगांवकरांच्या १८६३ च्या मुंबईवर्णनासारख्या रसाळ ग्रंथांत शोधूनहि हातीं लागावयाची ती ओझरतीच.

तरी नाव लगेच गेली नाहीं. ती पूर्वेच्या किनाऱ्यावर सरकली. माझगांवपासून शिवडीपर्यंत बंदरांचीं नांवें वाचावीं: लकडी बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर, आणि गवताच्या गंज्यांचें 'हे बंदर'. लांकूड, कोळसा, कौलें, गवत, रेती, चुना, मीठ. ज्या शहराला गिरण्यांचें शहर म्हणतात, त्याच्या भिंती, छपरें आणि चुली ह्या बंदरांवरून आल्या. प्रिन्सेस गोदी १८८० सालीं व व्हिक्टोरिया गोदी १८८८ सालीं उघडली. दरवाजांच्या त्या गोद्या आगबोटींसाठीं. मचवे व पडाव आपले बाहेर, चिखलाच्या बंदरांवर, भरतीची वाट पाहत. जेम्स हॉर्नेल यानें १९२० सालीं हिंदी नौकांच्या घडणीवर लिहिलें. कोंकणी होड्यांची उलांडी आणि मुंबईच्या मचव्याची घडण याच्या नजरेंतून सुटली नाहीं. हें काम एका परक्या मत्स्यशास्त्रज्ञाला करावें लागलें. आमची संशोधकांची पिढी तेव्हां बाडें गोळा करण्यांत गढली होती. तें कामहि निकडीचें होतें, त्याबद्दल दोष देतां येत नाहीं. राजवाड्यांनीं १९२४ सालीं महिकावतीची बखर छापली नसती, तर माहीमच्या जुन्या वस्तीविषयीं आपण आणखी अंधारांत असतों.

१९५० नंतर सरकारी कर्जावर होड्यांना यंत्रें बसूं लागलीं. पुढील तीस-पस्तीस वर्षांत शीड आधीं जोडीला राहिलें, मग वादळासाठीं म्हणून गुंडाळून ठेवलें, मग ताडपत्री म्हणून उपयोगीं पडलें. कुलाब्याच्या बाजूस क्रीडेसाठीं एकशिडी होड्या अजून फिरतात, आणि त्यांवर शिकलेले तरुण परदेशांतून पदकें आणतात. पण त्यांच्या दोऱ्यांचीं नांवें इंग्रजी आहेत. दामण म्हणजे काय, हें त्यांतील एका चुणचुणीत मुलाला विचारलें असतां तो आदबीनें म्हणाला, आजोबा, फिल्टरची जाळी का?

बांध आणि नाव यांचें भांडण मात्र संपलेलें नाहीं. किनारा रस्त्याच्या पुलाचे खांब वरळीच्या क्लीव्हलंड बंदरासमोर रोवावयाचे ठरले, तेव्हां दोन खांबांमधील अंतर साठ मीटर होतें. वाहत्या पाण्यांत आणि वाऱ्यांत एवढ्या अंतरांतून होड्या सुखरूप जाणार नाहींत, असें कोळ्यांनीं सांगितलें, काम अडलें, आणि डिसेंबर २०२२ मध्यें सरकारनें एकशेंवीस मीटरचें अंतर मान्य केलें. माझे तांडेल त्या वादांत पुढें नव्हते. त्यांनीं मला एवढेंच सांगितलें कीं, साठ मीटर हा आंकडा कागदावर मोठा दिसतो, पण दामण हातांत असलेल्या माणसाला तो विचारावयास पाहिजे होता.

गेल्या पौषांत त्यांच्याकडे शेवटचा गेलों, तेव्हां शब्दांची यादी पुन्हां एकदां वाचून दाखविली. एकूण एकेचाळीस शब्द झाले होते. तीन त्यांनीं दुरुस्त केले, आणि एका दोरीच्या नांवावर त्यांचें व शेजारच्या म्हाताऱ्या नाखव्याचें जमेना, म्हणून मीं दोन्ही नांवें लिहून घेतलीं. उठतांना परबान कसा असे तें पाहावयास मिळेल काय, असें विचारलें. त्यांनीं अंगणाकडे बोट दाखविलें. बोंबील वाळत घातलेल्या वलांडीचा वरचा आडवा वासा तोच होता. बोंबील थोडे बाजूस सारून मीं तो हातानें मोजला. साडेपंधरा हात भरला. आणि मध्याच्या जरा अलीकडे, जेथें तो डोलकाठीला टांगीत, तेथें दोर घांसून पडलेली खांच बोटाला लागली.